चाळीस एसी १२८ मोजून पाहिल्यानंतर

एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे मूळ उत्पादन थांबून काही दशके लोटली, तरी तो अजून विकत मिळतो आणि त्याला गिऱ्हाईकही आहे. एक गिऱ्हाईक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतले रेडिओ पुन्हा बोलते करणारे लोक आणि दुसरे म्हणजे इलेक्ट्रिक गिटारसाठी फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणारी पायाने चालवायची पेटी, बांधणारे. मी पहिल्यांतला. गेल्या वर्षी भाच्याने फझ पेडल बांधून मागितले, तेव्हा दोन्ही कामांना पुरतील म्हणून मी चाळीस नग घेतले. पंचवीस नग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानाच्या जुन्या साठ्यातून चाळीस रुपये दराने मिळाले, आणि उरलेले पंधरा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘निवडक, जुन्या काळचे’ या वर्णनावर विश्वास ठेवून एकशे ऐंशी रुपये दराने मागवले. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत मी ते सगळे एकेक करून मोजले, काही रेडिओंत बसवले, दोन पेडलमध्ये गेले. या पाच महिन्यांत माझे एक मत पक्के झाले: या ट्रान्झिस्टरची पारख त्याच्या गेनवरून (तो प्रवाह किती पटींनी वाढवतो त्यावरून) नव्हे, गळतीवरून (काही न सांगताही त्यातून पाझरत राहणाऱ्या प्रवाहावरून) करावी, आणि गळती किती चालेल हे तो कोणत्या जागी बसणार आहे यावरून ठरवावे.

आधी हा भाग म्हणजे नेमके काय ते सांगतो. युरोपीय नामपद्धतीत पहिले अक्षर ‘ए’ असेल तर पदार्थ जर्मेनियम, ‘बी’ असेल तर सिलिकॉन. दुसरे अक्षर ‘सी’ म्हणजे ध्वनीच्या वारंवारतेवर चालणारा लहान ताकदीचा ट्रान्झिस्टर, ‘डी’ म्हणजे त्याच कामाचा मोठ्या ताकदीचा. त्याआधीची ओसी ७१, ओसी ७२ ही नावे व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या, पद्धतीतून आली. व्हॉल्व्हच्या नावातले पहिले अक्षर आतल्या तापणाऱ्या तंतूला लागणारे व्होल्टेज किंवा प्रवाह सांगत असे. तंतूच नाही म्हणून ‘ओ’ म्हणजे शून्य, आणि ‘सी’ म्हणजे ट्रायोड, तीन टोकांचा व्हॉल्व्ह. तंतू नसलेला ट्रायोड, हे ट्रान्झिस्टरचे त्या काळच्या अभियंत्यांनी केलेले वर्णन मला फार आवडते. ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन पाय असतात; बेसमधला थोडा प्रवाह कलेक्टरमधला मोठा प्रवाह चालवतो. एसी १२८ हा त्या ओसी मालिकेच्या पुढच्या पिढीतला, धातूच्या छोट्या उभट टोपीतला, रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात लाऊडस्पीकर हलवण्यासाठी बनवलेला पीएनपी, म्हणजे एमिटर बॅटरीच्या धन बाजूला जोडायचा प्रकार. माहितीपत्रकानुसार कलेक्टर आणि बेस यांच्यात ३२ व्होल्ट, कलेक्टर आणि एमिटर यांच्यात बेस मोकळा असताना १६ व्होल्ट, कलेक्टरचा प्रवाह १ अँपिअरपर्यंत, धातूची क्लिप लावून आणि ती नीट थंड ठेवून १ वॉटपर्यंत उष्णता, आतल्या जोडाचे तापमान ९० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि ३०० मिलिअँपिअरला गेन ६० ते १७५. त्याचा एनपीएन, म्हणजे उलट बाजूने जोडायचा, जोडीदार म्हणजे एसी १२७. भारतात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनवायला घेतले. एसी १२७-१२८ आणि त्यांच्यानंतरची एसी १८७-१८८ ही जोडी इथल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत इतकी सरावाची होती की जुन्या मेकॅनिकला आजही हे आकडे पाठ असतात.

त्या माहितीपत्रकातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र बहुतेक खरेदीदार वाचत नाहीत. ती सांगते की २५ अंशांना, कलेक्टर-बेसवर १० व्होल्ट असताना, गळती १० मायक्रोअँपिअरच्या आत असावी. दहा मायक्रोअँपिअर ऐकायला क्षुल्लक वाटतात, परंतु बेस मोकळा सोडला की हीच गळती बेसमधून आलेल्या सिग्नलासारखी वागते आणि ट्रान्झिस्टर तिलाही आपल्या गेनने वाढवून दाखवतो. गेन ९० असेल तर दहाचे जवळजवळ नऊशे मायक्रोअँपिअर होतात. म्हणजे कारखान्याने आपल्या कसोटीत उत्तीर्ण केलेला नगही बेसला काहीही न जोडता पाऊण-एक मिलिअँपिअर वाहू देऊ शकतो, आणि त्यात कारखान्याच्या बाजूने कोणतीही लबाडी नाही.

याचे मूळ जर्मेनियमच्या स्वभावात आहे. इलेक्ट्रॉनला बंधनातून सुटून वाहू लागण्यासाठी जी ऊर्जा लागते, ती सिलिकॉनमध्ये १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि जर्मेनियममध्ये अवघी ०.६६. खोलीच्या साध्या उबेनेच जर्मेनियममध्ये इतके इलेक्ट्रॉन सुटतात की त्याच्या शुद्ध स्फटिकातल्या मोकळ्या वाहकांची संख्या सिलिकॉनच्या हजारपटीहून जास्त भरते. उलट बाजूने जोडलेल्या सांध्यातून हेच वाहक पाझरतात, तीच गळती. आणि याच कमी ऊर्जेमुळे हा ट्रान्झिस्टर ०.१ ते ०.३ व्होल्टवर जागा होतो, जिथे सिलिकॉनला ०.६ व्होल्ट लागतात. ज्या गुणासाठी आपण जर्मेनियम घेतो आणि ज्या दोषाबद्दल त्याला नावे ठेवतो, त्या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यातून निघतात, त्यामुळे एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही.

मोजण्याची जी पद्धत मी वापरली ती पेडल बांधणाऱ्यांमध्ये रूढ आहे आणि तिला ९ व्होल्टची बॅटरी, दोन रेझिस्टन्स आणि मल्टिमीटर एवढेच पुरते. ट्रान्झिस्टर पीएनपी असल्याने बॅटरीचे धन टोक एमिटरला लावायचे; ऋण टोक २.४७ किलोओमच्या रेझिस्टन्समधून कलेक्टरला. बेस मोकळा. आता त्या रेझिस्टन्सच्या दोन टोकांवर जे व्होल्टेज दिसेल ते निव्वळ गळतीचे. पाव व्होल्ट दिसला तर गळती साधारण शंभर मायक्रोअँपिअर. यानंतर बेस २.२ मेगाओममधून ऋण टोकाला जोडायचा, म्हणजे बेसमधून सुमारे चार मायक्रोअँपिअर निघतात. पुन्हा व्होल्टेज वाचायचे, त्यातून आधीचे वजा करायचे आणि उरलेल्याला शंभराने गुणायचे: तो खरा गेन. माझ्या एका नगाने आधी ०.२५ आणि नंतर १.१२ व्होल्ट दाखवले, म्हणजे गेन ८७. रेझिस्टन्सचा तो विचित्र आकडा या गुणाकाराच्या सोयीसाठीच निवडलेला आहे.

हे मोजताना नग हाताने धरू नये, हे मला पहिल्याच दिवशी कळले. खोबणीत बसवताना मी ती धातूची टोपी अंगठा आणि तर्जनीत धरली होती, आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत चढू लागला: ०.२४, ०.२७, ०.३१, थांबायचे नावच नाही. बोटे काढली तरी तो लगेच खाली आला नाही. मूळ जागी यायला दोन-तीन मिनिटे लागली. थंडीचे दिवस होते, खोलीत एकोणीस-वीस अंश आणि बोटांची ऊब त्याहून दहा-बारा अंशांनी जास्त, एवढ्याच फरकाचा तो परिणाम. तेव्हापासून मी नग चिमट्याने बसवतो, पाच मिनिटे थांबतो, आणि प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचे तापमान लिहितो. तापमान न लिहिलेली जर्मेनियमची नोंद माझ्या लेखी अपुरी आहे.

मल्टिमीटरवर ‘एचएफई’ लिहिलेली जी गोल खोबण असते, तिच्यावर तर या कामात मुळीच भरवसा ठेवू नये. बहुतेक मीटर बेसमधून साधारण दहा मायक्रोअँपिअर घेतात, कलेक्टरचा एकूण प्रवाह मोजतात आणि त्याला दहाने भागून गेन म्हणून दाखवतात. सिलिकॉनमध्ये गळती नगण्य असल्याने हे उत्तर बरोबर येते. जर्मेनियमचा खरा गेन ९० आणि गळती चारशे मायक्रोअँपिअर असेल, तर मीटर नऊशेत चारशे मिळवून १३० दाखवतो, आणि विकणारा त्यावर ‘उच्च गेन’ अशी चिठ्ठी लावतो. गळका नग जितका जास्त गळका, तितका तो या मीटरवर उत्तम ठरतो. ऑनलाइन घेतलेल्या माझ्या पंधरा नगांसोबत छापील चिठ्ठ्या आल्या होत्या, त्यांवरचे आकडे याच पद्धतीने काढलेले होते असे माझ्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर स्पष्ट दिसले.

आता दोन्ही खरेदींचा हिशेब. तपकीर गल्लीतल्या पंचवीसपैकी चार नग गेलेले निघाले, म्हणजे गळती एक मिलिअँपिअरच्या वर आणि आकडा स्थिर राहत नाही असे. बारा नगांची गळती पंचवीस अंशांना शंभर ते तीनशे मायक्रोअँपिअरमध्ये बसली. उरलेले नऊ शंभराच्या आतले, आणि त्यांतल्या तिघांनी तर पन्नाशीही ओलांडली नाही. गेन साधारण ६५ ते १४० असा पसरलेला होता. एकाच खोक्यातून, एकाच छापाचे नग निघूनही एवढा फरक असावा याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटेल, पण हे ट्रान्झिस्टर बनत कसे ते पाहिले की ते उरत नाही. जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना इंडियमचे मणी ठेवून ते तापवत. इंडियम वितळून दोन्हीकडून चकतीत शिरे, आणि मध्ये उरलेला जर्मेनियमचा पापुद्रा म्हणजे बेस. तो पापुद्रा थोडा जाड राहिला की गेन कमी, थोडा पातळ झाला की जास्त. या रीतीने पीएनपी सहज बनत असल्यामुळे जुन्या जर्मेनियम सर्किटांत पीएनपीचाच भरणा दिसतो, आणि म्हणूनच त्या काळच्या कित्येक रेडिओंत बॅटरीचे धन टोक जमिनीला, म्हणजे सर्किटच्या सामाईक तारेला, जोडलेले असते. मल्टिमीटरची काळी पिन सवयीने जमिनीला लावणाऱ्याला तिथे सगळी व्होल्टेज ऋण दिसतात. घाबरायचे कारण नसते.

ऑनलाइन पंधरांची गोष्ट निराळी आहे. त्यांतले पाच नग जर्मेनियमचे नव्हतेच. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस-एमिटर तपासला तर जर्मेनियम साधारण ०.२ व्होल्ट दाखवतो. हे पाच ०.६५ दाखवत होते, आणि गळती मोजायला गेलो तर मीटर शून्यावर. जुन्या दिसणाऱ्या टोपीवर नवी छपाई केलेले ते सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर होते. नखाने घासले तर अक्षरे पुसट झाली. आणखी तीन नगांची गळती सहाशे मायक्रोअँपिअरच्या वर होती. चालण्याजोगे उरले सात. म्हणजे गल्लीतल्या दुकानात मला प्रत्येक कामाचा नग सुमारे अठ्ठेचाळीस रुपयांना पडला आणि ऑनलाइन सुमारे तीनशे पंच्याऐंशीला. विक्रेत्याने तक्रारीनंतर पाच नगांचे पैसे परत केले, पण चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांबद्दल काही उत्तर दिले नाही. गल्लीतल्या दुकानदारांनी मात्र मला काउंटरवर माझे खोबणीचे पॅड आणि बॅटरी मांडू दिली, दोन नग तिथेच बदलून दिले, आणि “मोजूनच न्या, जर्मेनियम आहे,” असे स्वतःहून सांगितले. हा फरक पैशांत मांडता येत नाही.

या ट्रान्झिस्टरच्या स्वभावाचा सर्वांत बोलका पुरावा मला माझ्या एका नगाने दिला, त्याला मी वहीत ‘सतरा’ असे म्हटले आहे. जानेवारीतल्या एका पहाटे खोलीत तेरा अंश असताना सतराची गळती ६५ मायक्रोअँपिअर होती. मार्चमध्ये पंचवीस अंशांना १५०. मेच्या एका दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत चाळीस अंश असताना, ४१५. नग तोच, बॅटरी ताजी, रेझिस्टन्स तेच. दर दहा अंशांना गळती दुप्पट होते हा नियम पाठ्यपुस्तकात वाचलेला होता, पण तो आपल्या टेबलावर, ऋतूंच्या बदलाबरोबर, इतक्या चोख आकड्यांत उतरताना पाहणे हा वेगळा अनुभव आहे. युरोपातल्या थंड हवेत ठरवलेले २५ अंशांचे आकडे आपल्या उन्हाळ्यात तसेच्या तसे वापरू नयेत, हे त्यातून ओघाने आलेच. माझ्या मते इथल्या खरेदीदाराने गळतीची मर्यादा निम्म्याने कडक धरावी.

मग गळका नग फेकून द्यायचा का? नाही, आणि मला या परीक्षणात सांगायचा मुद्दा इथेच आहे. गळती गेनपट होते ती बेस मोकळा असताना, किंवा बेसला फार मोठ्या रेझिस्टन्समधून जोडले असताना. बेसला जमिनीकडे जाणारी सोपी वाट दिली की गळतीचा प्रवाह त्या वाटेने निघून जातो आणि ट्रान्झिस्टर त्याला वाढवत नाही. जुन्या रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात दोन एसी १२८ एका छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याने चालवले जातात. त्या तारेचा रेझिस्टन्स फारच थोडा. त्यामुळे माझ्या गल्लीच्या खेपेतल्या अडीचशे-तीनशेवाल्या दोन नगांनी एका सहा व्होल्टच्या रेडिओत महिनाभर विनातक्रार काम केले, मे महिन्यातही. रेडिओसाठी गळतीपेक्षा जोडी जुळणे महत्त्वाचे, म्हणजे दोघांचा गेन खऱ्या कामाच्या प्रवाहाला सारखा असावा. चार मायक्रोअँपिअर बेस देऊन काढलेला गेन हा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासचा असतो. लाऊडस्पीकर हलवताना प्रवाह त्याच्या शेकडोपट होतो आणि गेन बदलतो. म्हणून मी रेडिओच्या जोड्या बेसमधून एक मिलिअँपिअर घेऊन, तीन व्होल्टवर, क्षणभरच प्रवाह सोडून मोजल्या. कमी प्रवाहाला ९० आणि ९२ असलेले दोन नग इथे ७४ आणि १०५ निघाले. ही जोडी लावली असती तर आवाजाच्या लाटेचा एक अर्धा भाग दुसऱ्याहून मोठा आला असता आणि गाणे मोठ्या आवाजात फाटले असते.

रेडिओच्या या जागी जर्मेनियमला पर्याय म्हणून सिलिकॉन बसवण्याचा सल्ला अनेक जण देतात, आणि त्यातून किती रेडिओ बिघडलेले मी पाहिले आहेत. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने लाटेचा अर्धा-अर्धा भाग उचलतात. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना खाच पडू नये म्हणून दोघांना आधीच थोडे जागे ठेवावे लागते. एसी १२८ साठी ते व्होल्टेज, म्हणजे बायस, ०.१ ते ०.१५ च्या आसपास असते आणि रेडिओचे सर्किट तेवढेच पुरवते. तिथे सिलिकॉन बसवला तर तो झोपलेलाच राहतो. हळू आवाजातले निवेदन खरखरीत, तुटक ऐकू येते. उलट जर्मेनियमला जास्त बायस दिला तर दुसरे संकट: गळतीने प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता, उष्णतेने पुन्हा गळती, आणि हे चक्र थांबवणारे कोणी नसेल तर नग काही मिनिटांत जातो. म्हणून जुन्या सर्किटांत बायसच्या जागी एक चकतीसारखा एनटीसी थर्मिस्टर असतो, जो गरम झाला की आपला रेझिस्टन्स कमी करून बायस खाली ओढतो, आणि एमिटरला काही ओमचा छोटा रेझिस्टन्स असतो. दुरुस्ती करताना हे दोन भाग ‘फालतू’ समजून काढून टाकू नयेत. आणि त्या टोपीवरची पत्र्याची क्लिप परत लावावी, ती शोभेसाठी नसते.

पेडलची कहाणी याच्या नेमकी उलटी. १९६६ मध्ये लंडनमध्ये बाजारात आलेल्या फझ फेस या पेडलचे दोन ट्रान्झिस्टरचे सर्किट आजही बहुतेक घरगुती पेडलचा आधार आहे, आणि त्यात एनकेटी २७५ या दुसऱ्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरप्रमाणेच एसी १२८सुद्धा वापरला गेला. तिथे पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओमचा रेझिस्टन्स असतो. नऊ व्होल्टमधून त्यातून जास्तीत जास्त २७० मायक्रोअँपिअरच जाऊ शकतात. ज्या नगाची नुसती गळतीच तीनशे आहे, तो इथे सिग्नल येण्याआधीच सगळा प्रवाह खाऊन बसतो. वाजवायला त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून पहिल्या जागी मी पन्नासच्या आतला, गेन ७८ असलेला नग घेतला आणि दुसऱ्या जागी गळती ९० आणि गेन ११८ असलेला. दुसऱ्याच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट आणण्यासाठी तिथे छोटा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स, बसवला. मार्चमध्ये तो साडेचारवर लावला होता. मेमध्ये भाच्याचा फोन आला की आवाज चोंदल्यासारखा येतो. पेडल उघडून पाहिले तर व्होल्टेज सरकले होते. प्रीसेट फिरवून पुन्हा साडेचारवर आणला आणि आवाज जाग्यावर आला. हा बिघाड नव्हे. जर्मेनियमचे पेडल ऋतूप्रमाणे पुन्हा लावावे लागते, आणि विकणाऱ्याने ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

त्याच्या आवाजाबद्दल वादक ‘मऊ’, ‘गोल’ असे शब्द वापरतात. त्यामागचे एक कारण तरी आकड्यांत दाखवता येते. एसी १२८ ची वरची मर्यादा दीड मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे त्या वारंवारतेला त्याचा गेन एकवर येऊन ठेपतो. गेन शंभर असलेल्या नगाची घसरण त्याच्या शंभराव्या हिश्शापासून, म्हणजे पंधरा किलोहर्ट्झपासूनच सुरू होते, आणि पेडलमध्ये प्रवाह थोडा असल्याने प्रत्यक्षात ती आणखी खाली उतरते. कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच ही घसरण बसते. त्यात आतल्या सांध्यांची मोठी धारिता (कपॅसिटन्स) मिळते. फझने लाटेच्या कडा तासल्यावर जे तीक्ष्ण, कानाला बोचणारे वरचे सूर तयार होतात, ते हा संथ ट्रान्झिस्टर आपसूक गाळतो. सिलिकॉनच्या शेकडो मेगाहर्ट्झच्या नगात तीच गाळणी कंडेन्सर लावून करता येते, आणि मी करूनही पाहिली. बरीच जवळ जाते. परंतु गिटारचा आवाज बटणाने कमी केल्यावर फझ विरघळत जाऊन स्वच्छ सूर उरतो, ते मला माझ्या सिलिकॉनच्या पेडलमध्ये तितके सुरेख जमले नाही. इथे मी वादकांच्या बाजूचा आहे.

सळसळ मात्र आहे. जर्मेनियमचा स्वतःचा आवाज सिलिकॉनपेक्षा जास्त असतो, आणि गळका नग सहसा जास्त सळसळतो. एका नगाची गळती अवघी ७० होती, तरी हेडफोनवर तळणातल्या तेलासारखा तडतडत होता. तो बाजूला काढला. म्हणून मोजून झाल्यावर कानाने ऐकूनही पाहावे.

ओघात आलेली आणखी एक गोष्ट जुना साठा चाळणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. माझ्या दुकानदारांनी पंचवीस नगांबरोबर काळ्या काचेचे दोन ओसी ७१ भेट दिले. त्यांतल्या एकाचा रंग टोकाला उडालेला होता. टेबलावरचा दिवा त्यावर धरला की गळतीचा आकडा क्षणात तिप्पट, हाताची सावली केली की खाली. आतला जर्मेनियमचा तुकडा प्रकाशालाही दाद देतो. म्हणून तर काळा रंग, आणि रंग न लावलेला तोच नमुना ओसीपी ७१ या नावाने प्रकाशमापक म्हणून जास्त किमतीला विकला जाई. एसी १२८ ला धातूची टोपी असल्याने ही काळजी नाही. त्याच रेडिओंत सुरुवातीच्या टप्प्यांत भेटणाऱ्या एएफ ११७ सारख्या नगांना मात्र वेगळी व्याधी आहे: त्यांच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वर्षानुवर्षे वाढत जाऊन आतल्या जोडण्यांना टेकतात. न वापरलेला, कोऱ्या पाकिटातला नगही अशाने गेलेला निघतो. त्यामुळे ‘न वापरलेला जुना साठा’ हे शब्द वाचून जर्मेनियम विकत घेऊ नये.

बसवताना पाय आखूड कापू नयेत, सोल्डर करताना पाय टोपीच्या बाजूला चिमट्याने धरावा म्हणजे उष्णता तिथे अडते, आणि दोन-तीन सेकंदांत काम उरकावे. आतला इंडियम १५६ अंशांना वितळतो आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक तीनशेच्या वर असते. पेडलमध्ये मी सॉकेटच लावले. गंजलेले पाय वाकवायला गेल्यास बुडाशी तुटतात, आणि तिथे तुटलेला पाय पुन्हा जोडता येत नाही. माझा एक उत्तम नग असा गेला, गळती ४२, गेन ९६.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी एसी १२८ निःशंकपणे घ्यावा. गळती तीनशेपर्यंत चालवून घ्यावी, जोडी मात्र जास्त प्रवाहाला जुळवूनच घ्यावी. पेडल बांधणाऱ्यांनी निदान दहा नग घेण्याची तयारी ठेवावी, कारण दोन नेमके नग दोनच नगांतून निघत नाहीत. आणि न मोजता दिलेल्या महाग ‘निवडक’ जोडीपेक्षा मोजू देणाऱ्या दुकानातले साधे दहा नग कितीतरी स्वस्त पडतात. एसी १८८ चा गेन शंभरापासून पाचशेपर्यंत जातो, त्यामुळे तो पेडलच्या पहिल्या जागी सहसा जास्त तापट ठरतो, रेडिओत मात्र चांगला. माझ्याकडचे उरलेले नग आता एकेका कागदी पुडीत आहेत आणि प्रत्येक पुडीवर गळती, गेन, तापमान आणि तारीख लिहिलेली आहे. सतराची पुडी वेगळी ठेवली आहे. पावसाळ्यात ऑगस्टची दमट हवा आली की त्याची चौथी नोंद घ्यायची आहे.